डोस मोजणाऱ्याचे काम: प्रारण मापनात करिअर करू पाहणाऱ्यांसाठी सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे: भौतिकशास्त्रात पदवी झाली आहे, वैद्यकीय भौतिकशास्त्राकडे वळायचा विचार आहे, आणि त्यातही प्रारण मापन, म्हणजे डोसिमेट्री, हा विषय खुणावतो आहे. हे काम रोज नेमके काय असते, त्यासाठी काय शिकावे लागते आणि पुढे वाटा कोणत्या?

उत्तराची सुरुवात कामापासून करू या. अभ्यासक्रमांच्या याद्या कुठेही मिळतात. कामाचा स्वभाव मात्र आत शिरल्यावरच कळतो, आणि तो न जुळल्यामुळे काही वर्षांनी वाट बदलणारेही असतात.

किरणोपचार विभागात डॉक्टर लिहून देतात: ७० ग्रे (डोसचे एकक), ३५ फ्रॅक्शन, म्हणजे ३५ बैठका. प्लॅनिंगचे सॉफ्टवेअर त्याचे मॉनिटर युनिट (किती किरण सोडायचे ते मोजण्याचे मशीनचे एकक) करून देते, तंत्रज्ञ रुग्णाला टेबलावर झोपवतात आणि लिनॅक, म्हणजे उपचाराचे किरण सोडणारे मशीन, चालू करतात. या सगळ्यात 'एक मॉनिटर युनिट म्हणजे किती डोस' हे पुन्हा कुणी विचारत नाही. ते आधीच कुणीतरी मोजून ठेवलेले असते. ते मोजणारी व्यक्ती म्हणजे तुम्ही. प्लॅनमध्ये चूक झाली तर ती बहुधा एका रुग्णापुरती राहते. आउटपुटच्या, म्हणजे एका मॉनिटर युनिटला मिळणाऱ्या डोसच्या, मोजणीत चूक झाली तर ती त्या मशीनवरच्या प्रत्येक रुग्णाला, रोज, सारख्याच प्रमाणात पोचते. अलार्म वाजत नाही, कारण मशीन सांगितलेले तेच करत असते. या शाखेत जायचे तर पहिली गोष्ट ही समजून घ्या की तुमचे काम उपकरण चालवण्याचे नाही, एका आकड्याची जबाबदारी घेण्याचे आहे.

मोजायचे ते किती सूक्ष्म असते

एक ग्रे म्हणजे एक किलो पदार्थात शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा. एक ग्रे दिल्यावर पाण्याचे तापमान फक्त ०.२४ मिलिकेल्व्हिनने वाढते. पूर्ण उपचाराचे ७० ग्रे एकदम दिले तरी वाढ १७ मिलिकेल्व्हिनच्या आसपास. ही वाढ खरोखर मोजणारी उपकरणे आहेत, त्यांना कॅलरीमीटर म्हणतात. पण ती ब्राउनश्वाइगची पीटीबी, टेडिंग्टनची एनपीएल अशा प्राथमिक मानक प्रयोगशाळांत असतात. पाण्याचा कॅलरीमीटर तर ४ अंश सेल्सिअसवर ठेवतात, कारण त्या तापमानाला पाण्याची घनता कमाल असते आणि उष्णतेचे प्रवाह त्रास देत नाहीत.

रुग्णालयात तुमच्या हातात असतो आयन चेंबर, म्हणजे किरणांनी हवेत सुटलेला विद्युतभार गोळा करणारी छोटी पोकळी, बहुतेक वेळा फार्मर प्रकारचा. त्याच्या पोकळीचे आकारमान ०.६ घन सेंटिमीटर, म्हणजे आत जेमतेम ०.७ मिलिग्रॅम हवा. हवेत एक कूलॉम विद्युतभार सुटायला ३३.९७ ज्यूल लागतात. एवढ्या दोन आकड्यांवरून गणित करा: एक ग्रेला साधारण २१ नॅनोकूलॉम. हे गणित पाठ नसावे, करता यावे. इलेक्ट्रोमीटरवर (चेंबरचा विद्युतभार मोजणारे उपकरण) एक ग्रेला १२ किंवा ३५ नॅनोकूलॉम दिसले, तर कॅलिब्रेशन प्रमाणपत्र उघडण्याआधीच काहीतरी बिनसल्याचे तुम्हाला कळले पाहिजे. चेंबर वेगळा जोडला आहे, व्होल्टेज नाही, अंतर चुकले आहे किंवा रेंज चुकीची आहे. मुलाखतीत मी उमेदवाराला हेच गणित विचारेन.

मुख्य काम: संदर्भ मोजणी

फोटॉन बीमची संदर्भ मोजणी आज बहुतेक ठिकाणी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या टीआरएस-३९८ नियमावलीने होते (मूळ सन २०००, सुधारित आवृत्ती २०२४), काही देशांत टीजी-५१ या नियमावलीने (१९९९). तत्त्व एकच: प्रयोगशाळेने तुमच्या चेंबरला कोबाल्ट-६० च्या बीममध्ये पाण्यातल्या डोससाठी एक गुणांक दिलेला असतो. तुम्ही तुमच्या बीममध्ये वाचन घेता, दुरुस्त्या करता, बीमच्या ऊर्जेसाठीच्या गुणकाने गुणता, आणि त्या बिंदूवरचा डोस मिळतो.

पायऱ्या अशा. टाकीत पाणी आदल्या संध्याकाळी भरा, म्हणजे ते खोलीच्या तापमानाला येते. ताजे पाणी भरून लगेच मोजले तर मोजणी चालू असतानाच तापमान सरकत राहते. टाकी लेव्हल करा. बीमच्या उगमापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर १०० सेंटिमीटर, फील्ड, म्हणजे बीमचा चौकोन, १० बाय १० सेंटिमीटर, चेंबरचा अक्ष १० सेंटिमीटर खोलीवर. अंतर फक्त ऑप्टिकल इंडिकेटरवर विसंबून लावू नका, यांत्रिक पॉइंटरने पडताळा. पृष्ठभाग पाण्याच्या वरून बघितला तर वक्र कडेमुळे फसगत होते, तो खालून प्रतिबिंब जुळवून बघतात. चेंबरच्या खोलीत एक मिलिमीटरची चूक ६ एमव्ही (मेगाव्होल्ट) बीमला साधारण अर्धा टक्का खाते.

इलेक्ट्रोमीटरला तापायला वेळ द्या. चेंबरला व्होल्टेज देऊन थांबा, मग दोन-तीन ग्रे डोस नुसता द्या आणि सोडून द्या. पहिली वाचने नेहमी थोडी सरकतात. बीम बंद असताना गळती बघा. मग १०० मॉनिटर युनिटची पाच वाचने. ती एकमेकांपासून ०.१ ते ०.२ टक्क्यापेक्षा जास्त हलत असतील तर पुढे जाऊ नका, कारण शोधा. त्यानंतर व्होल्टेजची ध्रुवता उलटून वाचन, आणि मूळ व्होल्टेजच्या एक तृतीयांशावर वाचन. व्होल्टेज बदलल्यावर प्रत्येक वेळी स्थिर होईपर्यंत थांबायचे. घाई झाली की हमखास इथेच बिघडते.

एक उदाहरण घेऊ. ६ एमव्ही, १०० मॉनिटर युनिट, सरासरी वाचन ११.५५ नॅनोकूलॉम. पाण्याचे तापमान २४.० अंश, खोलीतला हवेचा दाब ९५.० किलोपास्कल. चेंबरची पोकळी बाहेरच्या हवेला खुली असते, म्हणून आत किती हवा आहे ते तापमान आणि दाबावर ठरते. संदर्भ २० अंश आणि १०१.३२५ किलोपास्कल. दुरुस्तीचा गुणक: २९७.२ भागिले २९३.२, गुणिले १०१.३२५ भागिले ९५.०, उत्तर १.०८११. पूर्ण आणि एक तृतीयांश व्होल्टेजच्या वाचनांचे गुणोत्तर १.००८ आले, तर पुनर्संयोगाची (गोळा होण्याआधीच पुन्हा जुळलेल्या आयनांची) दुरुस्ती १ अधिक ०.००८ भागिले २, म्हणजे १.००४. ध्रुवतेची दुरुस्ती १.००० धरू. दुरुस्त वाचन १२.५४ नॅनोकूलॉम. प्रमाणपत्रावरचा गुणांक समजा ०.०५३६ ग्रे प्रति नॅनोकूलॉम आणि बीमच्या गुणवत्तेचा गुणक ०.९९१. तर १० सेंटिमीटरवर डोस ०.६६६ ग्रे. त्या खोलीचा टक्केवारी डोस, म्हणजे कमाल डोसच्या तुलनेतला डोस, ६६.५ असेल तर डोस कमाल असतो त्या खोलीवर १.००१ ग्रे. म्हणजे एक मॉनिटर युनिटला १.००१ सेंटिग्रे. अपेक्षा एक सेंटिग्रेची असते, म्हणून मशीनला हात लावायची गरज नाही.

आता हेच बिघडते कसे ते बघा. दाब मोबाइलवरच्या हवामान अ‍ॅपवरून घेतला, असे समजा. तिथला आकडा समुद्रसपाटीला आणलेला असतो. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर प्रत्यक्ष दाब ९५ किलोपास्कल असताना अ‍ॅप १०१.२ दाखवेल. तो घातला की डोस ६ टक्के कमी निघतो. मशीन कमी देते आहे असे वाटून तुम्ही आउटपुट ६ टक्के वाढवाल, आणि दुसऱ्या दिवशीपासून प्रत्येक रुग्णाला ६ टक्के जास्त डोस जाईल. म्हणून दाबमापक स्वतःचा, कॅलिब्रेट केलेला, आणि शेजारी दुसरा एक पडताळणीसाठी. अशीच एक छुपी जागा: काही देशांच्या प्रमाणपत्रांवर संदर्भ तापमान २२ अंश असते, २० नाही. चेंबर एका देशातून आणि स्प्रेडशीट दुसऱ्या देशातून आली की ०.७ टक्क्याची चूक वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात न येता राहते. मोठ्या चुका पकडल्या जातात, हे अर्धा-पाऊण टक्केवाले जास्त चिवट असतात. ते एकाच दिशेने साठले की तीन टक्के होतात.

तीन टक्के म्हणजे काय बिघडले, असे नवख्यांना वाटते. रुग्णापर्यंत पोचणारा डोस ५ टक्क्यांच्या आत असावा ही अपेक्षा १९७६ पासून मान्य आहे. त्या ५ टक्क्यांत रुग्णाचे हलणे, स्कॅनमधली घनता, प्लॅनिंगच्या गणिताची मर्यादा असे सगळ्यांचे वाटे असतात. संदर्भ मोजणीची प्रमाण अनिश्चितता सगळे नीट केले तरी सुमारे दीड टक्का भरते. तुम्ही तीन टक्के आधीच खाल्ले तर बाकीच्यांना काही उरत नाही.

उपकरणांशी नाते

आपण नॅनोकूलॉम आणि पिकोअँपिअर मोजतो आहोत हे विसरले की त्रास सुरू होतो. ट्रायअ‍ॅक्स कनेक्टरच्या इन्सुलेटरला बोट लागले तरी त्वचेचे तेल आणि दमटपणा मिळून गळतीचा मार्ग तयार होतो. टोपणे कायम लावा, कनेक्टर जमिनीवर टेकू देऊ नका. केबलला पीळ किंवा घट्ट वळण दिले की आतल्या थरांच्या घर्षणाने विद्युतभार तयार होतो. केबल हलवून गळती वाढते का बघणे ही सर्वांत स्वस्त तपासणी. फील्डमध्ये केबलचा जास्त भाग आला तर ती स्वतःच सिग्नल देते. चेंबर पडला तर बाहेरून काही दिसत नाही. आतला इलेक्ट्रोड किंचित वाकला तरी प्रमाणपत्रावरचा आकडा कागदापुरता उरतो. म्हणून दर महिन्याला स्ट्रॉन्शियम-९० च्या तपासणी सोर्समध्ये चेंबर ठेवून वाचन घ्यायचे आणि आलेख ठेवायचा.

चेंबर सहसा दर दोन वर्षांनी कॅलिब्रेशनला जातो. पाठवण्याआधी आणि परत आल्यावर दुसऱ्या चेंबरशी तुलना करा. नवा गुणांक जुन्यापेक्षा अर्ध्या टक्क्याहून जास्त वेगळा आला तर तो निमूट स्प्रेडशीटमध्ये घालू नका. प्रवासात धक्का बसला की प्रयोगशाळेत चूक झाली की आधीचाच आकडा चुकीचा होता, हे ठरवायला तुलनेचा तो जुना आकडाच कामी येतो. एकच चेंबर असलेल्या विभागाला हे ठरवताच येत नाही. दुसऱ्या चेंबरसाठी प्रशासनाशी भांडणे हा कामाचाच भाग समजा.

छोटे फील्ड: इथे जुने ज्ञान उलटते

मेंदूतल्या छोट्या गाठींसाठी एक सेंटिमीटरचे, कधी त्याहून लहान फील्ड वापरतात. फार्मर चेंबरची पोकळी सुमारे २३ मिलिमीटर लांब. तो अशा फील्डमध्ये ठेवला तर निम्म्याहून जास्त भाग बीमच्या बाहेर राहतो, वाचन कमी येते. ते कमी वाचन प्लॅनिंगमध्ये गेले की सॉफ्टवेअर समजते, हे फील्ड डोस कमी देते, आणि जास्त मॉनिटर युनिट सांगते. मोजताना कमी, म्हणून देताना जास्त. फ्रान्समधल्या तुलूझ येथे २००६-०७ मध्ये नेमके याच प्रकारे, छोट्या फील्डसाठी न चालणारा डिटेक्टर वापरल्याने, १४५ रुग्णांचा उपचार चुकला.

डिटेक्टर लहान घेतला की सगळे सुटते असेही नाही. डायोडचा सिलिकॉन पाण्यापेक्षा घन असतो, म्हणून फार छोट्या फील्डमध्ये तो जास्त वाचतो. पोकळीत हवा असलेला सूक्ष्म चेंबर उलट कमी वाचतो. टीआरएस-४८३ या छोट्या फील्डच्या नियमावलीत (२०१७) प्रत्येक डिटेक्टरसाठी दुरुस्तीच्या गुणकांचे तक्ते आहेत ते यासाठीच. माझा आग्रह असा: वेगळ्या जातीचे किमान दोन डिटेक्टर वापरा, उदाहरणार्थ डायोड आणि फिल्म, किंवा हिऱ्याचा डिटेक्टर आणि प्लॅस्टिक सिंटिलेटर. दुरुस्त्या केल्यावर दोघांचे आकडे जुळले पाहिजेत. आणि डिटेक्टर मध्यावर आहे हे लेसर बघून ठरवू नका. दोन्ही दिशांनी प्रोफाइल (बीमच्या आडव्या दिशेतला डोसचा आलेख) स्कॅन करा, शिखर शोधा, तिथे आणा. फील्ड बदलले की पुन्हा शोधा. पाच मिलिमीटरच्या फील्डमध्ये एक मिलिमीटर सरकणे म्हणजे काही टक्के गेले.

फिल्मबद्दल दोन शब्द, कारण ती सोपी वाटते. रेडिओक्रोमिक फिल्म किरण पडल्यावर तासन्‌तास गडद होत राहते, म्हणून कॅलिब्रेशनच्या आणि मोजणीच्या फिल्म सारख्याच अवधीने स्कॅन करायच्या. फिल्मची दिशा स्कॅनरवर कायम तीच ठेवायची, कडेला ठेवायची नाही. एकाच पाकिटातल्या फिल्म वापरायच्या. यातले एकही चुकले की काही टक्के बिघडतात आणि चित्र तरीही सुंदरच दिसते.

स्वतंत्र पडताळणी, आणि ती खरेच स्वतंत्र आहे का

१९९६ साली कोस्टा रिकाच्या सान होसे शहरात कोबाल्टचा नवा सोर्स बसवल्यावर कॅलिब्रेशन करताना ०.३ मिनिट ही वेळ ३० सेकंद धरली गेली. प्रत्यक्षात ती १८ सेकंद होते. डोसचा दर खऱ्यापेक्षा कमी निघाला, उपचाराचे अवधी त्याप्रमाणे लांबले, ११५ रुग्णांना जादा डोस गेला आणि त्यातले काही दगावले. दुसऱ्या कुणी स्वतःच्या घड्याळाने, स्वतःच्या कागदावर तीच मोजणी केली असती, किंवा सोर्सच्या प्रमाणपत्रावरून अपेक्षित दर काढून शेजारी ठेवला असता, तर पहिल्याच दिवशी विसंगती दिसली असती.

पण 'दुसऱ्याने तपासले' एवढे पुरत नाही. तीच स्प्रेडशीट, तोच दाबमापक, तोच चेंबर वापरून दुसऱ्याने पुन्हा मोजले तर चूकही पुन्हा तीच येते. रुग्णाच्या प्लॅनची पडताळणी करणारा डिटेक्टर अ‍ॅरे बघा. गॅमा चाचणीत, म्हणजे मोजलेला आणि प्लॅनमधला डोस बिंदू-बिंदूने ताडून बघण्याच्या चाचणीत, ३ टक्के आणि २ मिलिमीटरच्या निकषावर ९५ टक्के बिंदू जुळले की प्लॅन पास. पण तो अ‍ॅरे त्याच लिनॅकवर, त्याच आउटपुटच्या आधारे कॅलिब्रेट केलेला असतो. आउटपुट ६ टक्के चुकले असेल तर ती चूक दोन्ही बाजूंना सारखी जाते, कटते, आणि ९९ टक्के पास असा अहवाल येतो. हिरव्या खुणांचा हा दिलासा मला फार धोकादायक वाटतो.

खरी स्वतंत्र पडताळणी म्हणजे बाहेरून आलेला डोसिमीटर. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून टपालाने असे डोसिमीटर रुग्णालयांना पाठवतात. आधी टीएलडी (तापवून वाचायचे), २०१७ पासून काचेचे आरपीएलडी (प्रकाश टाकून वाचायचे). तुम्ही सांगितलेला डोस देऊन परत पाठवायचे, व्हिएन्नाजवळच्या सायबर्सडॉर्फच्या प्रयोगशाळेत ते वाचले जातात. तुमचा दावा आणि त्यांचे वाचन यांत ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक असला तर पाठपुरावा होतो. नवे मशीन पहिल्या रुग्णासाठी खुले करण्याआधी असा बाहेरचा आकडा हातात असावा. तो येईपर्यंत थांबायला सांगण्याची हिंमत नोकरीच्या पहिल्या वर्षापासून लागते, कारण मशीन महाग असते, रुग्ण वाट बघत असतात आणि थांबा म्हणणारे तुम्ही एकटे असता.

मापनाच्या इतर शाखा

ब्रॅकिथेरपीत, म्हणजे किरणोत्सर्गी सोर्स शरीरात ठेवून केलेल्या उपचारात, इरिडियम-१९२ चा सोर्स दर तीन-चार महिन्यांनी बदलतो. अर्धायुष्य ७३.८ दिवस, म्हणजे रोज जवळजवळ एक टक्का घट. तारीख किंवा वेळेचा पट्टा चुकला की डोस चुकला. मोजणी विहिरीसारख्या चेंबरने होते: सोर्स थोडा थोडा पुढे सरकवत वाचन कुठे कमाल येते ती जागा शोधायची, मग तिथेच मोजायचे. प्रमाणपत्राशी ३ टक्क्यांहून जास्त फरक आला तर कारण सापडेपर्यंत उपचार नको.

निदानाच्या एक्स-रेमध्ये आकडे मिलिग्रेमध्ये येतात, पण गोंधळ वेगळे असतात. सीटीचा डोस १०० मिलिमीटर लांबीच्या पेन्सिल चेंबरने १६ किंवा ३२ सेंटिमीटर व्यासाच्या अ‍ॅक्रिलिक फँटममध्ये, म्हणजे रुग्णाऐवजी ठेवायच्या ठोकळ्यात, मोजतात. लहान मुलाच्या पोटाच्या स्कॅनवर छापलेला आकडा कुठल्या फँटमचा आहे हे न बघता दोन मशीनची तुलना केली तर निष्कर्ष दुपटीने चुकतो.

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये डोस कॅलिब्रेटरवर (औषधातली किरणोत्सर्गिता मोजणारे उपकरण) बाटली आणि सिरिंज यांची वाचने वेगळी येतात. यिट्रियम-९० सारख्या बीटा सोर्सला तर भांड्याची भिंत काचेची की प्लॅस्टिकची यानेही आकडा हलतो. रेषीयता तपासायला टेक्नेशियम-९९एम सोयीचे, सहा तासांचे अर्धायुष्य असल्याने दोन-तीन दिवसांत वरच्या टोकापासून खालपर्यंत आलेख मिळतो.

संरक्षण मापनात एक सूचना पुरे: लिनॅकचा बीम स्पंदांचा असतो, साध्या गायगर नळीचा सर्व्हे मीटर तिथे कमी वाचू शकतो. भिंतीबाहेरची मोजणी आयन चेंबरवाल्या मीटरने करा, आणि १० एमव्हीच्या वरच्या ऊर्जेला न्यूट्रॉनही मोजा. स्वतःच्या डोसची काळजी घरचे करतात. कर्मचाऱ्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. किरणोपचाराच्या भौतिकतज्ज्ञाचे बहुतेक काम बंकरच्या, म्हणजे मशीनच्या जाड भिंतींच्या खोलीच्या, बाहेरून होत असल्याने त्याचा बॅज (अंगावरचा डोसिमीटर) सहसा त्या मर्यादेच्या फार खाली असतो.

शिक्षण आणि तयारी

पाया भौतिकशास्त्राची पदवी. त्यावर वैद्यकीय भौतिकशास्त्रातली पदव्युत्तर पदवी, आणि त्यानंतर अनुभवी भौतिकतज्ज्ञाच्या देखरेखीखाली रुग्णालयातले पूर्णवेळ प्रशिक्षण. आंतरराष्ट्रीय शिफारस किमान दोन वर्षांची आहे. परवाना आणि प्रमाणनाचे नियम देशागणिक वेगळे, पण रुग्णालयातले प्रशिक्षण टाळून कुठेही स्वतंत्र जबाबदारी घेऊ नये. अभ्यासक्रम निवडताना एकच गोष्ट विचारा: विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने पाण्याच्या टाकीत किती वेळा मोजायला मिळते? उत्तर 'प्रात्यक्षिक दाखवतात' असे आले तर दुसरीकडे बघा.

विषयांत ब्रॅग-ग्रे आणि स्पेन्सर-अ‍ॅटिक्स यांचे पोकळी सिद्धांत, भारित कणांचा समतोल, स्टॉपिंग पॉवर हे खोलवर हवेत, कारण नियमावलीतला प्रत्येक गुणक तिथून येतो. गुणक कुठून आला हे माहीत नसले की नियमावली जिथे संपते तिथे तुम्हीही थांबता. दुसरा विषय अनिश्चिततेचे गणित. वाचनांच्या विखुरण्यातून येणारी अनिश्चितता आणि प्रमाणपत्र, दाबमापक, चेंबरच्या खोलीची मांडणी यांतून येणारी अनिश्चितता वेगळी ओळखायची, वर्गांची बेरीज करून एकत्र करायची, आणि शेवटचा आकडा तिच्यासकट लिहायचा. अनुभवी लोकही इथे कच्चे असतात. विद्यार्थिदशेत पक्के केले तर आयुष्यभर पुरते. पायथॉन शिका, मॉन्टे कार्लोचे (यादृच्छिक आकड्यांनी किरणांचा मार्ग संगणकावर काढण्याचे) एखादे पॅकेज, ईजीएसएनआरसी किंवा जिअँट४, हाताळून बघा. आणि लिहायला शिका. चार वर्षांनी दुसऱ्या कुणाला तुमची वही वाचून तीच मोजणी पुन्हा करता आली पाहिजे: चेंबरचा क्रमांक, व्होल्टेज, ध्रुवता, तापमान, दाब, प्रत्येक कच्चे वाचन. फक्त अंतिम उत्तर लिहिलेली वही निरुपयोगी असते.

पुढच्या वाटा

बहुतेक जण रुग्णालयात राहतात. तिथे नुसते मापन करायला मिळत नाही, प्लॅनिंग आणि रोजची गुणवत्ता तपासणीही अंगावर असते. मशीन दिवसभर रुग्णांसाठी चालते, म्हणून मोजणी संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी. हे आधीच घरी सांगून ठेवा. मोठ्या केंद्रांत मापनाची जबाबदारी एका व्यक्तीकडे दिलेली असते. मोठे केंद्र निवडण्यामागे हे कारण पुरेसे आहे.

दुसरी वाट कॅलिब्रेशन प्रयोगशाळांची. दुय्यम मानक प्रयोगशाळांचे जाळे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९७६ मध्ये उभारले. तिथे रुग्ण नाहीत, गडबड नाही, पण दशांश टक्क्यासाठी आठवडे जातात. शांत, चिकाटीच्या माणसाला ही जागा फार मानवते. त्याशिवाय डिटेक्टर आणि फँटम बनवणाऱ्या कंपन्या, नियामक संस्था, ऑडिट करणारे गट आहेत. ऑडिटमध्ये काम केलेल्या माणसाची नजर वेगळीच तयार होते, कारण त्याने इतर पन्नास विभागांच्या चुका पाहिलेल्या असतात.

संशोधनात सध्या खरे प्रश्न आहेत, नुसते प्रबंधासाठी शोधलेले नाहीत. फ्लॅश पद्धतीत, म्हणजे डोस क्षणार्धात देण्याच्या पद्धतीत, डोसचा दर सेकंदाला ४० ग्रेच्या वर जातो. एका स्पंदात इतके आयन तयार होतात की नेहमीच्या चेंबरमध्ये ते गोळा होण्याआधीच पुन्हा जुळतात आणि दोन व्होल्टेजची ती सोपी दुरुस्ती तिथे लागू पडत नाही. एमआर-लिनॅकमध्ये, म्हणजे एमआरआय जोडलेल्या लिनॅकमध्ये, १.५ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन वळतात. घन फँटममध्ये चेंबरभोवती राहिलेली हवेची बारीक फट वाचन टक्क्याच्या पातळीवर हलवते, म्हणून पाण्यातच मोजावे लागते. प्रोटॉन आणि कार्बन बीमसाठी गुणकांची अनिश्चितता अजून फोटॉनपेक्षा जास्त आहे. या तिन्ही ठिकाणी मापन जाणणाऱ्यांची गरज आहे.

स्वभाव जुळतो का हे आधीच बघायचे असेल तर एक प्रयोग सुचवतो. एखाद्या विभागात प्रशिक्षणार्थी म्हणून महिनाभर जाता आले तर रोज सकाळी एकच चेंबर, एकाच फँटममध्ये, एकाच मांडणीत ठेवून १०० मॉनिटर युनिटची तीन वाचने घ्या. तापमान-दाबाची दुरुस्ती करा आणि आलेखावर बिंदू मांडा. मध्येच एखाद्या दिवशी बिंदू ०.६ टक्के वर जाईल. तो मशीनचा आहे, चेंबरचा आहे, की थर्मामीटर पाण्यात न बुडवता हवेत धरल्याचा आहे, हे तीन वेगळ्या चाचण्यांनी शोधून काढा. नुसता आउटपुट रोज ३ टक्क्यांच्या आत आला की पास म्हणायची मुभा असते, त्यामुळे कुणी तुम्हाला हे शोधायला सांगणार नाही. तरीही त्या संध्याकाळी थांबून शोधावेसे वाटले, तर अर्ज भरा.